अडीचशे ग्रॅमच्या आत

२ फेब्रुवारी

ती. मामांना,
शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, मोबाइल तुम्ही बाळगत नाही, म्हणून पत्र. आईचं आता काही खरं नाही, असं शेजारच्या शिवणवाल्या बाईंनी सांगितलं. दादाने नाही. आईच्या ऑपरेशनला मी नको म्हणालो, तेव्हापासून त्याने मला दार बंद केलंय. दोनदा गेलो, दोन्ही वेळा आतून कडी.

दुपारी तिला गच्चीवर उन्हात बसवतात. तुमच्या दुकानात कॅमेऱ्याची हेलिकॉप्टरं असतात ना? डोळ्यांना चष्मा लावला की हेलिकॉप्टरला दिसतं ते आपल्याला दिसतं, तसलं एक निवडून पाठवा. तिला एकदा बघायचंय, मामा. दुसरं काही सुचत नाही. हसू नका.

तुमचा धाकटा भाचा

८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

हसलो नाही. नंतर मात्र हसलो, कारण लहानपणी तू उडवलेलं प्रत्येक विमान ताईच्या कढईत पडायचं.

मोठं हेलिकॉप्टर वाऱ्यात स्थिर राहतं, पण अडीचशे ग्रॅमच्या वर गेलं की परवाना लागतो. त्याची वाट बघणं म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. सगळ्यात छोटं घ्यावं, तर कॅमेरा लावला की ते मान टाकतं. म्हणून मधलं निवडलं. कॅमेऱ्यासकट तेही जड भरलं. कवच अर्धं कापलं, तरी दोन ग्रॅम जास्तच. मग माईक आणि त्याची वायर काढून टाकली. तुला बघायचंय ना? ऐकायचंय कशाला? मी कुठे ऐकतो, माझं काय अडलं!

ताईपासून लांब, टाकीच्या बाजूला ठेव. पाती बोट कापतात. खरं तर तिसऱ्यांदा दार ठोठावणं याहून सोपं, पण तुला ते पटायचं नाही.

मामाचा जीव आहे तुझ्यावर, विसरू नकोस.

१५ फेब्रुवारी

ती. मामांना,
शि. सा. न. वि. वि.

काल उडवलं. मागच्या गल्लीत पायरीवर चष्मा लावून बसलो होतो. आई दिसली. किती वाळलीय हो! शालीत नुसती हाडं.

वारा आला, हेलिकॉप्टर टाकीवर आपटलं, पाती थांबली आणि ते घरंगळत तिच्या पायाशी गेलं. कॅमेरा चालूच होता. तिला वाकवत नाही, तरी वाकली आणि उचललं. तिचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर, इतका जवळ! माझ्याकडे बघून काहीतरी बोलली, मग दाराकडे वळून पुन्हा बोलली. दादा येताना दिसला आणि मी चष्मा कपाळावर सरकवून पळालो. पळालो मी, मामा. रात्री त्याचे फोन येत होते, शेवटी फोनच बंद करून टाकला.

चष्म्यात साठलेल्या चित्राचं कार्ड सोबत पाठवतोय. तुम्ही आयुष्यभर माणसांचे ओठ वाचत आलात. ती मला शिव्या देत होती का, एवढं कळवा. खोटं लिहू नका.

तुमचा
धाकटा

१९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

आशीर्वाद नंतर. दुकानातल्या पोराला फोन लावायला सांगितला, तर तुझा फोन बंद, म्हणून हे पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतोय.

शिव्या नव्हत्या. हेलिकॉप्टरकडे बघून ती म्हणाली, अजून नेम चुकतोच का रे तुझा. मग दाराकडे वळून दादाला म्हणाली, धाकटा खाली आहे, दार उघड. तू पळालास तरी चित्र उतरत होतं. दादा उघडतो म्हणाला आणि धावत जिना उतरला. तेव्हा तू गल्लीत पळत होतास.

माईक मी काढला. जन्मभर बोचेल मला ते.

बाकीचं मी तिथे आल्यावर. हे वाचत बसू नकोस, ताईकडे जा.

मामा