एका दोन्यातला कीस

दाजी,

'प्रिय' लिहायला घेतलं होतं, पण हात पुढे सरकेना. जन्मभर तुमच्यासमोर मान खाली घालून बसलो. आता तुम्ही भिंतीवर आणि मी खाली, तर बोलून घेतो. तोंडावर बोलायची सोय तुम्ही ठेवली होती कधी?

काल मंजूचा व्हिसा आला. कुरिअरवाल्या भियाने दारातून हाक मारली, तशी ताई तव्यावरची पोळी टाकून पळत आली. आणि तुमच्या लेकीने काय केलं, सांगू? पासपोर्ट उघडूनसुद्धा बघितला नाही. आधी तुमच्या फोटोखाली नेऊन ठेवला आणि हात जोडले. माझं डोकंच फिरलं! ज्याने विहीर बुजवली, त्यालाच पहिला तांब्या? म्हणून हे पत्र.

आठवतंय का सगळं? की वर गेल्यावर तेवढं सोयीने विसरता येतं?

मंजू सांवेर रोडच्या कारखान्यात ऑफिसात लागली, तेव्हा आपल्या कापडाच्या मिलच्या बंद फाटकात गवत वाढलं होतं. तिच्या कारखान्यात अमेरिकेहून पॅकिंगचं मशीन आलं आणि ते बसवायला पीटर आला. मशीन बसलं, पीटर काही उठेना! पोह्यावर शेव किती घालायची, तेसुद्धा शिकला पोरगा. मग एक दिवस घरी येऊन तुमच्या पाया पडला आणि मोडक्या मराठीत म्हणाला, "मंजूला मला द्या."

तो गेल्यावर तुम्ही म्हणालात, "परदेशी जावई? लोक तोंडात शेण घालतील."

"दाजी, राहता परदेशीपुऱ्यात, आणि परदेशी नको?" मी म्हटलं. ताई पदर तोंडाला लावून हसली. तुम्ही नाही हसलात. हसणं तुम्ही मिलबरोबरच बंद केलं होतं.

मंजूने किती गोडीत समजावलं होतं! "बाबा, हा लग्न ठरलेल्या मुलीचा व्हिसा. लग्न इथे करायचंच नाही. ठरलंय, आम्ही एकमेकांना ओळखतो, एवढंच दाखवायचं. तिकडे पोचले की तीन महिन्यांत लग्न."

"आणि त्याने नाही केलं तर?"

"तर मी परत येईन."

"म्हणजे मिलसारखंच! तीन महिन्यांत सुरू होईल, घरी जा, म्हणाले होते. मी डबा घेऊन त्या फाटकावर उभा राहायचो, मंजू. मला तीन महिने सांगू नकोस."

तेव्हा मलाही तुमचं पटलं होतं, खोटं का बोलू? ज्याला एकदा नुसत्या शब्दावर बसवून ठेवलं, त्याला नुसता शब्द पुरत नाही. पण दाजी, कुलूप काय एकट्या तुमच्या मागांच्या, लूम खात्याला लागलं होतं? मीही त्याच फाटकातून बाहेर पडलो. म्हणून ते कुलूप घरी आणून लेकीच्या दाराला लावायचं?

साखरपुडा ठरला. पीटर सुटी काढून आला. अंगठ्या आणल्या होत्या, पेढे आणले होते. आणि बघतो तर भटजी अंतरपाट झटकतोय! तुम्ही खिशातून मंगळसूत्र काढलंत. मंजूचा चेहरा पांढरा पडला.

"बाबा, हे तर लग्नच झालं! असं केलं तर तो व्हिसा मिळत नाही."

"घरात काय झालं ते सरकारला सांगायला कोण जातंय? बिनलग्नाची पोर सातासमुद्रापार परक्याच्या घरी धाडू? गजा, तू मामा ना? मग मामाचं काम कर. आण पोरीला."

मी म्हटलं, "दाजी, साखरपुडा दणक्यात करा, पण मंगळसूत्र राहू द्या." तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जसा मी तुमच्या ताटातली भाकरी उचलली! शेवटी मंजूच उठली. "चला मामा, बाबांचा अपमान नको." तिचा दंड धरून मी तिला पाटावर आणलं. तो पीटर खुशीत उभा. त्याला वाटलं, साखरपुडा असाच असतो! फोटोवाला मात्र बोललाच, "अरे भिया, ये तो पूरी शादी है!"

सरकारला सांगायला कोण जातंय, म्हणालात ना? तुम्हीच गेलात, दाजी! तुम्हीच!

मुंबईला मुलाखत होती. मंजूने आपले आणि पीटरचे फोटो जमवून पाकिटात घातले होते. कारखान्याच्या दारातला, राजवाड्यासमोरचा, आणि सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीतला, जिथे दोघं पानाच्या एकाच दोन्यातून भुट्ट्याचा, मक्याचा कीस खातायत. तुम्हाला तो दोना खुपला. निघायच्या दिवशी सकाळी, पोरगी न्हायला गेली तेवढ्यात, तुम्ही ते फोटो काढलेत आणि लग्नाचे घातलेत. अंतरपाट, मंगळसूत्र, सप्तपदी, सगळं व्यवस्थित!

वकिलातीबाहेरच्या फुटपाथवर आपण दोघं उभे होतो. मंजू बाहेर आली. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

"साहेब म्हणाला, तुझं लग्न झालेलं दिसतंय. मग हा व्हिसा तुझ्यासाठी नाही. बायको म्हणून अर्ज कर. बाबा, फोटो तुम्ही बदलले?"

"मग? सराफ्यात उष्टं खातानाचा फोटो त्या साहेबाला दाखवणार होतीस? काही अब्रू आहे की नाही आपल्या घराला? लग्नाचे फोटो बघून तरी त्याला कळलं असेल, चांगल्या घरची मुलगी आहे म्हणून!"

साहेबाची काय चूक? त्याच्यासमोर जे आलं, ते त्याने वाचलं. चूक तुमची! आणि एक शब्द? एकदा तरी म्हणालात, "मंजू, चुकलं माझं"? परतीच्या गाडीत तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसलात, आणि ते तोंड पुन्हा लेकीकडे वळलंच नाही.

अर्ज पुन्हा पहिल्यापासून. बायकोच्या व्हिसाला कोर्टाचं सर्टिफिकेट हवं, कोर्टाला नवरा हजर हवा, आणि नवऱ्याच्या सगळ्या रजा तुमच्या अंतरपाटात संपलेल्या! पीटर पुन्हा येईस्तोवर केवढा काळ गेला. आल्यावर कोर्टात साक्षीदार हवे होते. तुम्ही काय म्हणालात? "माझ्या पोरीचं लग्न एकदा झालंय. मी दुसऱ्यांदा लावणार नाही." सही मी केली. ताईने केली, तुमच्या डोळ्यांदेखत पदर खोचून गेली ती. तुम्ही ओट्यावर बसून बिडी ओढत होता.

आणि पोरगी? रोज तुमच्यासमोर चहा ठेवायची. तुम्ही कप उचलायचात, वर बघायचा नाहीत. घरात राहून इतकं परदेशी व्हायला तुम्हाला कुणाचा व्हिसा लागला हो?

मग एका सकाळी चहा तसाच राहिला. आम्ही हाका मारल्या. तुम्ही आमच्याशीही बोलला नाहीत.

तेव्हापासून मंजू विचारते, "मामा, बाबा माझ्याबद्दल शेवटी काही बोलले होते का?" परवा पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "नाही ग, काही बोलले नाहीत." तुमच्या वतीने गोड बोलायचा मक्ता मी घेतलेला नाही, दाजी. ती मान हलवून भांडी घासत राहिली. तेवढं वरून बघितलंत का?

आता खरं ऐका. दुसऱ्या मुलाखतीला पुन्हा सांगितलं, ओळख कशी वाढली ते दाखवा, फोटो द्या. पाकिटातून काढलेले ते फोटो तुम्ही सिगडीत घातले होते. ताईने नंतर सांगितलं. पण निगेटिव्ह पीटरकडे होत्या! त्याने तिकडून नवे पाठवले. मंजू सांगत होती, लग्नाचे फोटो साहेबाने भराभर उलटले, आणि दोन्याच्या फोटोवर थांबला. विचारलं, "हे काय खाताय?" ही म्हणाली, "भुट्ट्याचा कीस. त्याला तिखट लागला होता, म्हणून माझ्यातला दिला." साहेब हसला. व्हिसा मंजूर!

तुमच्या मंगळसूत्राने जे अडवलं, ते त्या उष्ट्या दोन्याने सोडवलं. कळलं?

पुढच्या आठवड्यात मंजू निघते. विमानतळाच्या दारापर्यंत मीच तिचा दंड धरून नेणार. मामाचं काम कर म्हणाला होतात ना? ह्या वेळी नीट करतो.

आणि एक शब्द देतो, मिलवाल्यांसारखा नाही, माझा. तो सराफ्यातला फोटो मी मोठा करायला टाकलाय. उद्या फ्रेम येईल. तुमच्या फोटोच्या अगदी समोरच्या भिंतीवर स्वतः खिळा ठोकून लावणार. तुमच्या हारामागून बघा, ताई उदबत्ती लावेल तेव्हा, मंजू तिकडे आपल्या घरी असेल तेव्हा, रोज तुमच्यासमोर तीच असेल, त्या दोन्यात हात घालून खळखळून हसताना.

आता फिरवा तोंड!

तुमचा मेहुणा,
गजा