दर रविवारी एक

बाबा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. भंगारातून मागून आणलेले एक लोखंडी कडे ते ओट्यावर बसून कानशीने घासत होते आणि आई पांढऱ्या मेणबत्त्या रंगीत मेणात बुडवत होती: तीन जांभळ्या, एक गुलाबी. गौतमदादा कड्यावर मेणबत्त्यांभोवती गुंडाळायला सुरूच्या फांद्या घेऊन आला होता. चार वर्षांचा मिलिंद सगळ्या आजच लावू म्हणून रडत होता. बाबा म्हणाले, "आगमनकाळ म्हणजे वाट बघणं, बेटा. दर रविवारी एक. चौथी लागली की समजायचं, नाताळ दाराशी आला." पहिली मिलिंदची ठरली, दुसरी दादाची, तिसरी गुलाबी माझी, चौथी आई-बाबांची.

मी, चारुलता नामदेवराव उजागरे, वय अडुसष्ट, अविवाहित, टपाल खात्यातून निवृत्त, राहणार बरकतपुरा, हैदराबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांचे विचारत नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणण्याइतके जवळ कोणी बसतही नाही.

शेजारचे प्रशांत कुलथे यांना मी व्यवस्थापक नेमते. ते वेळ पाळतात.

१. माझे दोन खोल्यांचे घर माझी भाची निशिगंधा, म्हणजे माझा धाकटा भाऊ मिलिंद याची मुलगी, हिला द्यावे. तिला मराठी वाचताना अडखळायला होते, म्हणून हा कागद प्रशांतने तिला सावकाश वाचून दाखवावा. कडू भाग गाळू नये.

२. बँकेतील शिल्लक आमच्याकडे कामाला असलेल्या गंगूला. तिने आधी आईचे आणि मग माझे केले. शिलाई मशीनही तिचेच. ते ती वापरतेच आहे, आता विचारून वापरायला नको.

३. केकचा पितळी साचा मिलिंदच्या बायकोकडे, वंदनाकडे, बारा वर्षे आहे. तो तिच्याकडेच राहू द्यावा. त्यात एकदाही केक झालेला नाही, हे मला ठाऊक आहे.

४. आता कड्याविषयी. मिलिंदने ते तीनदा मागितले आणि मी दिले नाही. कारण कोणाला सांगितले नव्हते. गौतमदादा गेल्या वर्षी वारला, म्हणून आता लिहिता येते.

२०१३ साली आगमनकाळाचा पहिला रविवार एक डिसेंबरला होता. आई आतल्या खोलीत खाटेवर होती. दिवस-वार तिला कळत नव्हते, पण दादा मस्कतहून नाताळाला येणार, एवढे पक्के लक्षात होते. मी गंगूबरोबर औषधे आणायला आबिड्सला गेले होते. तेवढ्यात मिलिंद आणि वंदना आले. पुढचे रविवार जमणार नाहीत, म्हणून आजच उरकून टाकू, असे ठरवून मिलिंदने चारही मेणबत्त्या लावल्या, कडे आईच्या उशाशी ठेवले आणि फोटो काढला.

मी आले तेव्हा आई त्या ज्योतींकडे बघत होती. "नाताळ आला," ती म्हणाली. "गौतम नाही आला."

"आई, आज पहिलाच रविवार आहे."

"चार पेटल्यात. मला मोजता येतं."

मी संतापाने तीन मेणबत्त्या फुंकून विझवल्या. आई म्हणाली, "हो, विझव. सण झाला." आणि तिने भिंतीकडे तोंड केले. त्यानंतर तिने दादाचे नाव घेतले नाही. बुधवारी ती गेली.

दादा शुक्रवारी आला. त्याने विचारले, "आई माझ्याबद्दल काही बोलली का?" मी म्हटले, "वाट बघत होती." मिलिंद शेजारी उभा होता आणि गप्प राहिला. आम्हा दोघांचे एकमत झाले, ते तेवढेच.

दादा परत गेल्यावर मी मिलिंदला जे बोलायचे ते बोलले. तो म्हणाला, "हौ अक्का, लावल्या मी. विझवल्या कोणी?" मी त्याला दार दाखवले. तो नक्को म्हणाला नाही, निघून गेला. बारा वर्षे मी त्या प्रश्नाचे उत्तर शोधले. उत्तर एकच आहे, आणि ते मला आवडत नाही.

५. कडे निशिगंधाला द्यावे. अट एकच: दर रविवारी एक. ज्या वर्षी चार रविवार घरी बसायला सवड नसेल, त्या वर्षी ते माळ्यावरून काढू नये.

६. त्या दिवशी पहिली मेणबत्ती, मिलिंदची, जळून संपली. मी विझवलेल्या तीन बिस्किटांच्या डब्यात आहेत. त्या मिलिंदला द्याव्यात, पण एकदम नाही. माझ्यानंतर येणाऱ्या आगमनकाळात प्रशांतने त्याच्या अंबरपेठेतल्या घरी जावे. दुसऱ्या रविवारी दादाची द्यावी, तिसऱ्या रविवारी माझी. सगळ्या आजच द्या, असे तो म्हणेल. देऊ नयेत.

चौथ्या रविवारी मिलिंदने निशिगंधाकडे यावे. आई-बाबांची मेणबत्ती कड्यात बसवून त्याच्या हातात काडेपेटी द्यावी. ती मी विझवली होती. लावायची त्याने.

ठिकाण: बरकतपुरा, हैदराबाद
दिनांक: २२ नोव्हेंबर २०२५

(सही) चारुलता नामदेवराव उजागरे

आमच्यादेखत त्यांनी सही केली आणि त्यांच्यादेखत आम्ही:
१. तारामती व्यंकटराव कदम, बरकतपुरा
२. डॉ. कुलदीप भालेराव, काचीगुडा