एका बटणाचा खेळ

मी, खाली सही करणारा, वय वर्षे शहात्तर, धंदा सुतारकाम, दारे-खिडक्यांत विशेष, माझ्या राहत्या घरी, पूर्ण शुद्धीवर, कोणाच्या दडपणाला किंवा लाडीगोडीला बळी न पडता लिहून ठेवतो की माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचे काय करावे. येत्या सोमवारी माझी छाती उघडून आत दुरुस्ती करणार आहेत. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. मीही आयुष्यभर गिऱ्हाइकांना हेच सांगत आलो, म्हणून लिहून ठेवलेले बरे.

वकीलबाईंनी बजावले आहे की खाडाखोड करायची नाही. मत बदलले तर खाली नवे कलम लिहायचे. तेव्हा वाचणाऱ्याने शेवटपर्यंत वाचावे, मध्येच कोणी भांडायला उठू नये.

कलम १. राहते घर थोरल्याला. तो परगावी असतो, त्याने ते विकले तरी माझी हरकत नाही. फक्त स्वयंपाकघराचे दार काढून तिथे लोखंडी बसवू नये. ते दार मी लग्नाच्या वर्षी केले आणि आजवर एकदाही कुरकुरलेले नाही. घरातल्या बाकी कोणाबद्दल मला असे म्हणता येणार नाही. बँकेतली शिल्लक दोन्ही मुलांना निम्मी-निम्मी. त्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, कारण शिल्लकही फार नाही.

कलम २. माझ्या पत्नीच्या, म्हणजे हिच्या, वस्तू. शिवणयंत्र सूनबाईला. ही वाचनालयात पुस्तके देण्याघेण्याच्या खिडकीवर बसायची आणि लोकांनी विसरलेले चष्मे घरी आणून जपून ठेवायची, कधीतरी विचारायला येतील म्हणून. असे सात चष्मे कपाटात आहेत. ते वाचनालयात नेऊन द्यावेत, कोणाच्या तरी डोळ्यांना लागतील.

कलम ३. समोरच्या शिंप्याने माझा मोठा शिकंजा नेला त्याला अकरा वर्षे झाली. लाकूड आवळून धरायचे हत्यार कापडाला कशाला लागते, हे त्याने कधी सांगितले नाही. तो शिकंजा मी त्याला देऊन टाकत आहे, म्हणजे निदान मी गेल्यावर तरी त्याला तो लपवून वापरावा लागणार नाही.

(वकीलबाई म्हणाल्या, मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही. शिंप्याला तर साक्षीदार व्हायचेच होते. काल तो मुकाट्याने आला आणि शिकंजा भिंतीला टेकवून गेला. अकरा वर्षे भांडून जे झाले नाही ते कायद्याने एका दिवसात केले. सबब हे कलम रद्द.)

कलम ४. धाकटी, आणि जिन्याखालची खोली.

हे कलम लिहायचे म्हणून मी दोन दिवस नुसत्या पेन्सिली तासत बसलो. जिन्याखालच्या खोलीत माझे काम चालायचे. ती खोलीही घरासोबत थोरल्याला द्यावी, हत्यारे धंदेशिक्षणाच्या शाळेला. धाकटीने दिलेला संगणक आतल्या खेळासकट तिला परत करावा. कारण लिहिणे भाग आहे, नाहीतर लोक म्हणतील बापाने लेकीला डावलले.

धाकटी संगणकावरचे खेळ बनवते. ही आजारी पडली तेव्हा धाकटी रजा काढून घरी आली आणि सात महिने वरच्या खोलीत हिच्या उशाशी बसली. मी खाली रंधा मारत होतो. ही दुपारी गेली, आणि तेव्हाही मी खालीच होतो. जिना चढून वर आलो तर धाकटी दारात उभी. म्हणाली, "खाली काय करत होतात?" पुढचे ऐकायची माझी छाती झाली नाही. मी आल्या पावली मागे फिरलो. त्याला चार वर्षे झाली. तेव्हापासून आम्ही बापलेक फोनवर एकमेकांना हवापाणी विचारतो.

वर्षभराने तिने एक खेळ केला आणि संगणकात घालून मला पाठवला. खेळ म्हणजे काय, तर आमचेच घर. त्यात एकच बटण. दाबले की दार उघडते, पेला भरतो, खिडकी लागते, शाल उचलली जाते. वर ही अंथरुणात असते आणि तिचे बोलणे पडद्याच्या तळाशी अक्षरांत उमटते. धावायचे नाही, कोणाला मारायचे नाही, जिंकायचे तर मुळीच नाही. थोरल्याने पाच मिनिटे बघितले आणि विचारले की यात खेळायचे काय. पण कुठल्या कुठल्या देशांतली माणसे हा खेळ खेळतात आणि रडून झाल्यावर धाकटीला पत्रे लिहितात.

मीही लिहिले. अकरा चुकांची यादी लिहिली. स्वयंपाकघराचे दार आत उघडते, तिने ते बाहेर उघडवले होते. माळ्याच्या दाराला बिजागऱ्या तीन आहेत, तिने दोनच दाखवल्या. न्हाणीघराची कडी उलट्या हाताला. तिच्या आईबद्दल त्या यादीत एक अक्षर नव्हते. धाकटीने अकराच्या अकरा चुका दुरुस्त केल्या आणि खेळ पुन्हा पाठवला. सोबत एक ओळ होती: दारे आता बरोबर आहेत, शेवटपर्यंत जा.

मी गेलो नाही. शेवटचे दार जिन्याखालचे आहे, माझ्या खोलीचे. त्याच्या पलीकडे तिने काय मांडले असणार ते मला न उघडताच दिसत होते. बायको वर मरते आहे आणि नवरा खाली लाकूड तासतो आहे. तीन वर्षे मी त्या दारापर्यंत जायचो आणि उलटा फिरून, वर जाऊन हिला पाणी द्यायचो. ती म्हणायची, "ठेवा तिथं, पिते मग." तेवढ्यावर मी संगणक बंद करायचो. धाकटी फोनवर विचारायची, शेवटपर्यंत गेलात का? मी म्हणायचो, चष्म्याचा नंबर वाढला आहे.

माझ्या लेकीने मला दोषी धरले आहे आणि तिचे चूक आहे असे मला म्हणता येत नाही. म्हणून खोली तिला देऊन तिच्या जखमेवर मीठ चोळू नये असे ठरवले.

कलम ५. वरचे कलम लिहिल्यावर तिसऱ्या दिवशी.

वकीलबाई कागद वाचायला आल्या होत्या. वाचून म्हणाल्या, "काका, कायद्याची हरकत नाही. पण पुरावा न बघता तुम्ही निकाल देताय." मला राग आला. चहा न विचारता मी त्यांना वाटेला लावले. मग सकाळी अकराच्या उजेडात संगणक लावला, त्या दारापर्यंत गेलो आणि बटण दाबले.

आत माझे कामाचे टेबल होते आणि टेबलावर दोन हात. डाव्या अंगठ्याचे पेर अर्धे. माझे बाकीचे अर्धे मी विसाव्या वर्षी करवतीला दिले. इतकी वर्षे मला वाटत होते की खेळात या घरातून धाकटी फिरते आहे. तो मी होतो. पाणी मी देत होतो, शाल मी आणत होतो.

आता बटणाने एकच गोष्ट होत होती, रंधा पुढे जायचा आणि मागे यायचा. वरचे बोलणे तळाशी उमटले.

"आई, बाबांना बोलावू का वर?"

"नको गं. वर आले की माझ्याकडे बघून रडतात आणि मग मलाच समजूत काढावी लागते. रंधा चालू आहे ना, तोवर मला कळतं, आहेत घरात. त्या आवाजानं मला झोप लागते."

डोळे पुसायला मी बोट उचलले. लगेच अक्षरे आली: "थांबले का गं? बघ जरा." मी पुन्हा दाबले. ती शांत झाली. मग मी थांबलोच नाही. अर्धा तास तरी दाबत असेन, बोट बधिर झाले. तिची वाक्ये आखूड होत गेली आणि नंतर आली नाहीत.

मग जिना आला. वर दारात धाकटी होती. "खाली काय करत होतात? आई शेवटपर्यंत विचारत होती. म्हणायची, माझ्यासाठीच काहीतरी चाललं असणार."

खेळ तिथे संपतो. उत्तर द्यायला त्यात जागा नाही, कितीही दाबले तरी काही होत नाही. मी शहात्तर वर्षांचा माणूस, त्या पडद्याला मोठ्याने सांगितले की मी फळी करत होतो. पलंगावर पाठ टेकून हिला वाचता यावे म्हणून उतरती फळी. तीनदा केली, कोन जमत नव्हता, तिची मान अवघडली असती. चौथी जमली. त्या दुपारी मी ती घेऊनच जिना चढत होतो. अर्ध्या जिन्यात भिंतीला टेकवली, वर गेलो, आणि परतताना उचलून खाली नेली. कोणाला दाखवली नाही.

नंतर फोन लावला. धाकटी सवयीने म्हणाली, इकडे गार आहे. मी म्हटले, "फळी करत होतो गं. तिच्या पाठीला." ती म्हणाली, "निघते."

सबब कलम ४ पूर्ण रद्द. जिन्याखालची खोली, सगळी हत्यारे आणि ती फळी धाकटीला. संगणक अजून माझ्याकडे राहील, दवाखान्यात न्यायचा आहे. थोरल्याने वाईट वाटून घेऊ नये. घर त्याचेच आहे, आणि खेळ त्यानेही एकदा पुरा करावा. त्याची आई त्यात त्याचीही आठवण काढते, पाच मिनिटांत ते कळत नाही. वकीलबाईंची मी माफी मागितली आहे, चहाही पाजला आहे.

कलम ६. हे सह्यांच्या वेळी घातले.

धाकटी आज समोर बसली आहे. साक्षीदाराच्या जागी सही करायला तिने पेन उचलले. वकीलबाईंनी तिचा हात धरला आणि सांगितले की खोली तुला मिळते आहे, तुला साक्ष देता येणार नाही. धाकटी म्हणाली, "मग खोली काढून टाका, बाबा. मला साक्षच द्यायची आहे. तेव्हा वर मी होते आणि खाली तुम्ही. तुम्ही घरात होतात हे दुसरं कोण सांगणार?"

खोली काढलेली नाही आणि तिला सही करू दिलेली नाही. पण ती जे बोलली ते मी माझ्या हाताने या कागदावर उतरवले आहे, आणि खालील दोघांनी ते आपल्या कानांनी ऐकले आहे.

सही: सुतार, डाव्या अंगठ्याच्या ठशासह

साक्षीदार १: शिंपी, समोरचे दुकान
साक्षीदार २: डॉक्टर, यांनी मी शुद्धीवर असल्याची खात्री केली

स्थळ: राहते घर, जिन्याखालची खोली
दिनांक: बारा मार्च, शुक्रवार, दुपारी