तीळ पुसणारा प्रोग्राम

ती. ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. (मनातल्या मनात वाकले. गुडघा ऐकत नाही.) तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला का, की अजून दोघं एकमेकांना दुखणी ऐकवत बसता? बसा बापडी. ऐकणारं कुणी असलं की दुखण्यालाही चव येते. मी बरी आहे. शिवणकाम आहे, डोळे आहेत, मशीन कुरकुरतं पण चालतं. फोन सोडून पत्र का, तर फोनवर मी मुद्द्यावर आले की तुझा कुकर होतो. अक्षर लागलं नाही तर भाऊजींकडून वाचून घे. चौथीनंतर मी कात्री धरली, पेन नाही.

बाबांचा निगेटिव्हचा पत्र्याचा डबा आठवतो? घर रिकामं करताना "तूच ने गं, माझ्याकडे जागा नाही" म्हणालीस आणि मी तो मांडीवर घेऊन आले. इतकी वर्षं बटणांच्या बरण्यांमागे पडून होता. लेक नि जावईबापू बदलीच्या गावी गेले, तेव्हा जाताना जुना लॅपटॉप आणि एक स्कॅनर माझ्या गळ्यात मारून गेले. (झाकणात दिवा असतो. काचेवर निगेटिव्ह ठेवायची, मग तो घुंई घुंई करत तिचा फोटो घेतो.) आईला काहीतरी उद्योग हवा म्हणे. आईला उद्योग पोटभर आहे, माणूस हवं. पण ते खोक्यात घालून देता येत नाही.

यंत्र आलं म्हणजे झालं, असं तुला वाटेल. कसलं झालं! निगेटिव्ह म्हणजे उलटा वाळत घातलेला झगा. केस पांढरे, दात काळे, आपली माणसं भुतासारखी. ती सुलटी करायला प्रोग्राम लागतो, आणि प्रोग्राम निवडणं नवरा निवडण्यासारखं आहे. गुण आधी सांगतात, खोडी घरात आल्यावर कळतात. जावईबापूंनी फोनवरून सांगत सांगत तीन घालायला लावले. पहिला फुकटचा. त्याने रंगीत फोटोतली सगळी माणसं निळी केली. आत्या तर विहिरीतून काढल्यासारखी दिसायला लागली. (जिवंतपणीही ती काही गोरीपान नव्हती, पण निळी नव्हती.) दुसरा स्कॅनरबरोबर आलेला. साधा, मंद, आणि भारी चौकस. हे करू का, नक्की का, खरंच नक्की का? इंग्रजीत विचारतो, जावईबापूंनी अर्थ सांगून ठेवलाय. आधी मी चिडायचे. मग बटण दाबता दाबता मोठ्याने "हो रे बाबा, नक्की" म्हणायला लागले. दिवसभरात मला कोणी काही विचारतं तर हाच. हसू नकोस.

तिसरा विकतचा, थोडे दिवस वापरून बघायला दिलेला. हा हुशार. धूळ, बुरशीचे ठिपके, ओरखडे, एक बटण दाबलं की सगळं आपणहून झाडून लख्ख. आणि ताई, त्यात मी निघाले! पायरीवर मी, सायकलला टेकून मी, छत्री धरून मी. लहानपणाचा माझा एक फोटो कुठे नाही, हे तुला ठाऊक आहे. बाबा म्हणायचे, हे शेपूट एका जागी उभं राहत नाही, फिल्म वाया जाते. (तुझ्या मागे मागे म्हणून शेपूट.) आणि इथे रोळच्या रोळ माझा! बाबांना मी तिथल्या तिथे माफ करून टाकलं. त्या दिवसांत मी गिऱ्हाइकांशी गोड बोलत होते. एकीने घाबरून विचारलं, बरं नाही का तुम्हाला?

मग एकदा ते साफसफाईचं बटण दाबायचं राहिलं. छत्रीवालीच्या हनुवटीवर ठिपका. मला वाटलं धूळ. फुंकलं, मऊ फडक्याने टिपलं, जाईना. पायरीवरचीला ठिपका. सायकलवालीलाही, तिथेच. तुझा तीळ गं! त्या दीडशहाण्याने धूळ समजून पुसला होता, आणि तो पुसला की तू नि मी एक. झग्यावरून ओळखावं तर दोघींचे एकाच ताग्यातले, आणि तुझा आखूड झाला की माझ्या अंगावर.

जावईबापू म्हणतात, बटण चालू ठेवा, छान दिसतं, काय फरक पडतो? आणि कोणता ठेवायचा ते लवकर सांगा, मुदत संपतेय. म्हणजे हुशार ठेवला तर जिकडे तिकडे मी, मंद ठेवला तर कुठेच नाही. एक अख्खी सकाळ बाही उलटी जोडत नि उसवत बसले. शेवटी मंद ठेवला. गिऱ्हाइकाचं उरलेलं कापड मी कधी ठेवून घेतलं नाही, तुझं तोंड कशी ठेवून घेऊ?

भाऊजींना नमस्कार सांग. कंबरेला शेक देत जा.

तुझी,
शेपूट

ता. क. — डब्याच्या तळाशी एक निगेटिव्ह निघाली. मुलगी पाठमोरी बसलीय, वेणी अर्धी झालीय, आणि कडेने एक हात ती ओढतोय. हात आईचा नव्हे, बांगडी नाही. तोंड दिसत नाही तर तीळ कुठून दिसणार? वेणी तुझी आणि हात माझा, की उलटं? तुला आठवेल. बघायला ये. आतली खोली झाडून ठेवलीय.

आणखी एक — पाकीट चिकटवायच्या आधी फोटो मोठा करून बघितला. सगळं स्वच्छ आलंय, हात तेवढा हललाय. आता तो कुणाचा, हे कोणाला विचारायला नको. हललेलं सरळ करायचंही बटण असतं म्हणे. मी दाबणार नाही. तेव्हा ओळख पटवायला तुझी गरज उरली नाही. फोटो फोनवर पाठवता येतो, तेही शिकलेय. पाठवणार नाही. ये.