भुशातला कंद

प्रिय बाईसाहेब,

पत्र बघून दचकू नकोस. आजारी नाही आणि नोकरीही सोडलेली नाही. तोच फर्निचरचा कारखाना, तीच जिन्याखालची खोली. अक्षर तेवढं सांभाळून घे, तुझ्या नवऱ्याची शाळा चौथीतच सुटली हे तुला लग्नाआधीच सांगितलं होतं.

गेल्या वर्षी माहेरी जाताना तू दारात म्हणालीस, भिंगरी, तीन वर्षांत पाच गावं झाली, आता एक अख्खा हिवाळा एका खोलीत काढून दाखव, मग बघू. मी हसलो होतो. तुझा शिवणाचा डबा इथेच राहिला. विसरलीस की ठेवलास, ते विचारत नाही. त्यात बटणांखाली बियांची पुडी निघाली, वर तुझ्या हातचं 'डेलिया, लाल'. फुटक्या बादलीत पेरलं, तीन रोपं जगली. फुलं आली ती दोघांना जांभळी, एकाला पिवळी. लाल औषधालाही नाही. आमच्या पॉलिशवाल्या काकांना म्हटलं, बायकोने फसवलं. तर म्हणाले, गाढवा, बियांचं असंच असतं, आईचा रंग उचलतीलच असं नाही.

मग थंडी पडली आणि एका सकाळी सगळा पाला काळा. काकांनी कंद काढायला लावले, कोरड्या भुशात घालून खिळ्यांच्या खोक्यात, खोकं कॉटखाली. भुशाला इथे तोटा नाही. म्हणाले, आता ऊन तापेपर्यंत हात लावायचा नाही. मला ते जमतंय होय? रोज खोकं ओढायचो, उकरून बघायचो. कारखान्यात सगळे विचारायचे, काय रे, अंडी उबली का? एकदा वाटलं, तहान लागली असेल. दोन कंदांवर पाणी शिंपडलं. आठ दिवसांत दोन्ही कुजून लिबलिबीत. काकांनी ते फेकले आणि खोक्यात कोरडा भुसा भरून दिला. उरला पिवळ्याचा.

ऐन थंडीत बंदरावरून बोलावणं आलं. काम बरं, सोबती ओळखीचे. पिशवी भरली, खोकं काखेत मारलं. काका म्हणाले, जा की, पण वाटेतल्या गारठ्यात हा मरेल, तो ठेवून जा, मी बघतो. ठेवून जा म्हटल्यावर मात्र पाय निघेना. तुझी आठवण आली वगैरे लिहीत नाही. शर्ट परत खुंटीला लावले, एवढंच.

गेल्या आठवड्यात कंदाला कोंब आला. तांदळाएवढा, लालसर. आता त्याला जमीन हवी. मागच्या भिंतीलगत हातभर पट्टी आहे, ऊनही येतं. घरमालकिणीला विचारलं तर कमरेवर हात ठेवून म्हणाली, खण बापड्या, पण आधी सांग, राहणार किती दिवस? दोन महिन्यांत पळणाऱ्याने माझं अंगण उकरलेलं मला चालायचं नाही. आणि एकटाच राहणार की दोघं? मी म्हटलं, विचारून सांगतो. म्हणून हे पत्र. बाई रोज जिन्यात अडवते. तिला काय सांगू?

तुझाच,
भिंगरी