सुताचा हार

२८ जानेवारी २०२५

ती. बाबांस,
मोहिनीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हांला ऐकू येत नाही आणि मला ओरडून रडता येत नाही, म्हणून पत्र. नीट पोचलात ना? रोहण्याला बस मिळाली की पुन्हा ताटकळलात?

बाबा, सरपंच मी आहे. निवडून मी आले. परवा सत्काराला खुर्चीत हे बसले आणि मी मागे सतरंजीवर, त्याची मला सवय झाली आहे. पण तुम्ही लेकीसाठी महिनाभर चरख्यावर सूत कातलंत, हार केलात, आणि घातलात जावयाच्या गळ्यात! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. फार लागलं हो.

रागावले तरी लेक तुमचीच, विसरू नका.
तुमची मोहिनी

नाचणगाव, ९ फेब्रुवारी

चि. सौ. मोहिनीस,
नानाजीचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि जेवण गेलं नाही. अगं, जावयाचा मान पहिला, हे इतकं मुरलेलं की हात आपसूक तिकडेच गेला. तुझी आई बसमध्येच बोलली, की बुढा झाला तरी अक्कल नाई आली, पोरीले सोडून जावयाले काऊन घातला म्हणून. बरोबरच बोलली.

दुसरा हार करायला घेतला आहे. डोळे साथ देत नाहीत, सूत तुटतं, पण पंधरा ऑगस्टला येतो. झेंड्याची दोरी तू ओढ. सगळ्या गावासमोर तुझ्याच गळ्यात घालीन. जावईबापू रुसले तर रुसोत.

पोरी, बापावरची माया आटू देऊ नकोस.
तुझा बाबा

६ ऑगस्ट

ती. बाबांस,
सा. न.

हार झाला, हे आईकडून कळलं. मी खादीची साडीही काढून ठेवली होती.

निवडणुकीआधीच यांनी आपल्या गटातल्या प्रभाकररावांना शब्द दिला होता, की आधी सरपंचपद आमच्या घरी, मग त्यांच्या. साऱ्या गावाला ठाऊक होतं, मला सोडून. मी नाही म्हटलं, तर हे म्हणाले की गावात तोंड दाखवाले जागा राहणार नाई. सासूबाई माझ्या पाया पडल्या. काल राजीनाम्यावर सही केली. त्यासाठी मात्र मला खुर्चीत बसवलं. पहिल्यांदाच.

आता प्रभाकररावांची सून सपना उभी राहणार. पोरगी गुणी आहे, सतरंजीवर माझ्याच शेजारी बसते. तिचा नवरा आत्तापासूनच खुर्ची पुसून राह्यला. बाबा, हार मोडू नका. तिच्या सत्काराला घेऊन या आणि मागे सतरंजीपर्यंत चालत या. या वेळी हात चुकू देऊ नका.

आणि जमलं तर मलाही थोडं जवळ घ्या.
तुमची मोहिनी