मागे सरकवलेली सीट

रेट्विक, ११ मार्च

प्रिय तोर्केल,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे, माझा गुडघा बरा नाही, तळ्यावरचा बर्फ अजून टिकून आहे. क्षेमकुशल संपलं, आता भांडू.

बाबांना जाऊन बारा दिवस झाले, अंत्यविधीला अजून दहा आहेत, आणि त्यांचा ताप काही कमी होत नाही. पेपरात मृत्यूची जाहिरात द्यायची, तर नावाच्या वर कुठलं चित्र छापायचं हे आधी ठरवावं लागतं. अंत्यविधीचं बघणाऱ्या मारितबाईंनी वही उघडली. "क्रूस? गुलाब? की उडता पक्षी?"

"बाई, हा माणूस आयुष्यात उडाला तो गाडीसकट, शेजाऱ्याच्या बटाट्याच्या शेतात."

त्यांनी पान उलटून गाडीचं चित्र दाखवलं. साबणाच्या डबीला चार चाकं! बाबांनी ते पाहिलं असतं, तर केवळ तक्रार करायला म्हणून आणखी वर्षभर जगले असते. शुक्रवारपर्यंत कळवायचंय.

तीस वर्षं मी संस्कृतच्या विद्यार्थ्यांना 'महारथी' शब्द फोडून सांगितला आणि दर वेळी डोळ्यांपुढे लोकरीच्या टोपीतले आपले पिताश्रीच आले. गोठलेल्या तळ्यावर निळी व्होल्वो. बर्फ फुटलाच तर उडी मारता यावी म्हणून पट्टे सोडलेले, दारं अर्धवट उघडी. आईच्या मांडीवर कॉफीचा थर्मास. "आल्गोत, ही सांडली तर बर्फाच्या आधी मी फुटेन हं!" खालून कडाड आवाज आला की बाबा खूश. "ऐका पोरांनो, तळं हाक मारतंय!" इतरांचे बाप साहसाला एकटे जातात. आपला बाप बायको, पोरं आणि दालचिनीचे पाव घेऊन जायचा. मारितबाई याला 'कुटुंबवत्सल' म्हणाल्या. छापू दे बापडी.

काल फोनवर तू म्हणालास, "ताई, दीड वर्ष त्यांनी माझा फोन घेतला नाही. आता पेटीपुढे उभा राहून काय बोलू? नाही येत मी." मी तुला हट्टी, कृतघ्न आणि आणखी एक-दोन विशेषणं लावून फोन आपटला. व्याकरण बिनचूक होतं. बाकी सगळं चूक.

त्या बटाट्याच्या प्रकारानंतर डॉक्टर म्हणाले, नजर गेली, गाडी बंद. किल्ली मी काढून घेतली आणि माझ्या संस्कृत कोशामागे दडवली. त्या कपाटाकडे बाबा जन्मात फिरकले नव्हते. त्यांनी विचारलं, "हे कुणाचं डोकं?"

मी म्हटलं, "तोर्केलचं."

तू गोटेनबर्गला, पाचशे किलोमीटर लांब. मला रोज त्याच टेबलावर त्यांच्यासमोर बसून जेवायचं होतं. वाटलं, आठवड्यात विसरतील, मग सांगू. ते विसरले नाहीत आणि मी सांगितलं नाही. तुझा फोन वाजला की ते उठून गॅरेजमध्ये जायचे आणि बंद गाडीत बसायचे. शेवटच्या दिवशीही खरं सांगायचं राहूनच गेलं. त्यांनी पाणी मागितलं, मी दिलं.

काल तुझा फोन आपटल्यावर किल्ली काढली, गाडीत जाऊन बसले. क्लचला पाय पोहोचेना. बाबा माझ्याहूनही बुटके. त्यांना खाली उशी लागायची. ती उशी शेजारच्या सीटवर होती, दबलेली. म्हणजे दीड वर्ष ते तिथे बसत होते. आणि चालकाची सीट पार मागे सरकवलेली. आपल्या घरात एवढ्या लांब तंगड्या एकाच माणसाच्या आहेत.

मी ती पुढे ओढलेली नाही. ओढणारही नाही.

एकवीस तारखेला चर्चपर्यंत शववाहिनीमागून निळी गाडी जायला हवी. मला शिव्या द्यायच्या तर येऊन दे, पत्राने नको. तुझं अक्षर वाचवत नाही. शुक्रवारी मारितबाईंना कुठलं चित्र सांगू, तेवढं फोनवर कळव. मी उचलेन.

किल्ली हातात घेऊन बसलेली,
तुझी खोटारडी ताई,
गुनवोर